उन्हाची हजेरी

आमच्या घरात भर दुपारी बारा वाजता दिवा लावल्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येत नाही. तळमजला, समोर भिंत, त्या भिंतीपलीकडे आणखी एक भिंत. सूर्य आमच्याकडे वर्षातून साधारण नऊ दिवस येतो, तोही स्वयंपाकघराच्या खिडकीत, तिरपा, वीस मिनिटं. आणि नेमक्या त्याच वीस मिनिटांत वरच्या मजल्यावरून कोणाची तरी चादर खाली लोंबत असते. सव्वीस वर्षं मी याबद्दल कुठे तक्रार केली नाही. मी शाळेत उपमुख्याध्यापक आहे. ऊन हवंसं वाटलं तर मैदानावर जाऊन उभा राहतो, मुलं आपोआप गप्प होतात.

तक्रार बायकोनेही केली नाही. पण गेली अकरा वर्षं तिची बोटं सकाळी उघडत नाहीत. थंडीत तर अकरा वाजेपर्यंत तिला साधं बरणीचं झाकण फिरवता येत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं, आणि ते संपल्यावर "सकाळचं ऊन घेत जा" असं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तेव्हापासून शाळेत जाण्याआधी मी साखर, चहा, पीठ, मीठ अशा सगळ्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवतो. त्यामुळे आमच्या साखरेला कायम मुंग्या असतात. आम्ही चहा गाळून पितो, साखर आधीच घालतो, त्यामुळे निभतं.

एखाद्या शहाण्या माणसाने गच्चीजवळची एखादी खोली भाड्याने घेतली असती. मी डोंगर घेतला.

डोंगर म्हणजे त्याचा एक तुकडा. कागदावर तो छान आयताकृती होता, कडेने बाण, मध्ये क्षेत्रफळ. प्रत्यक्षात तो उभा होता. खाली रस्ता आणि तिथून वर चढत गेलेल्या चौऱ्याऐंशी पायऱ्या. त्या आधीच्या मालकाने खोदल्या होत्या, आणि चौऱ्याऐंशीवी खोदून झाल्यावर त्याने जमीन विकायला काढली होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण वरती एक बऱ्यापैकी सपाट जागा होती, तिच्या शेजारी एक मोठा सुळका होता, समोर सगळी दरी पसरलेली होती, आणि मी तिथे कमरेवर हात ठेवून उभा राहिलो तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला मी मुख्याध्यापक झाल्यासारखं वाटलं. बायको एक्केचाळिसाव्या पायरीवर थांबली होती. तिला दम लागतो. तिथे वाटेच्या कडेला एक काळा, बसका दगड आहे, त्यावर ती बसली आणि खालूनच म्हणाली, "इथे छान आहे." मी वरून म्हणालो, "अगं, वर ये, वर खरं छान आहे." ती आली नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही सगळे माहितीकेंद्र म्हणतो. त्यांच्या तोंडावरही म्हणतो, त्यांना ते आवडतं. जमीन घेतल्याची बातमी मी त्यांना सांगितली नव्हती, तरी संध्याकाळी ते दारात उभे. "डोंगरावर घर म्हणजे ऊर्जा," ते बसता बसता म्हणाले. "ऊर्जेचा विचार करा. नाहीतर थंडीत हीटर, उन्हाळ्यात पंखा, आणि पाणी चढवायला पंप. घर बांधाल आणि विजेला पोसाल." हे त्यांचं एकच वाक्य बरोबर होतं, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. पुढच्या आठवड्यात त्यांनी घर अर्धं जमिनीत पुरायला सांगितलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात भिंतींत पेंढा भरायला. मग छतावर गवत. मग खिडक्या अजिबात नकोत, कारण उष्णता खिडकीतून पळते. मी म्हणालो, "खिडकी नसेल तर ऊन येणार कुठून?" ते दुसरा कप संपवून म्हणाले, "तेही आहे." त्यांच्या साध्या होकारालाही दोन कप चहा लागतो.

शेवटी एका आर्किटेक्ट बाईंकडे गेलो. वयाने आमच्या मुलीएवढ्या, पण बोलताना समोरच्याला पहिल्या बाकावर बसवण्याची हातोटी. त्यांना कमी विजेची घरं बांधण्याचं वेड होतं. मी म्हणालो, हीटर नको, पंप नको, फक्त सकाळचं ऊन हवं, हिच्यासाठी. त्यांनी बायकोचे हात आपल्या हातात घेऊन बघितले, कुठे दुखतं ते विचारलं, आणि मला म्हणाल्या, "सर, मी एक वर्ष पेन्सिल हातात घेणार नाही."

मला वाटलं फी वाढवण्याची ही नवी तऱ्हा असावी. पण तसं नव्हतं. त्यांनी वरच्या सपाट जागेवर बारा खुंट्या ठोकल्या, प्रत्येकीवर नंबर घातला, आणि मला एक जाड वही दिली. वर्षभर दर पंधरा दिवसांनी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच तिथे बसायचं. दर तासाला कोणती खुंटी उन्हात आणि कोणती सावलीत, ते लिहायचं. "डोंगरात कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. "डोंगर स्वतःच सांगतो. आपण फक्त लिहून घ्यायचं."

आता मला सांगा, हे काम देण्यासाठी माझ्याहून योग्य माणूस कोणी होता का? सत्तावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मी करतो. एका तासाला एका वर्गात दोन शिक्षक असं माझ्या हातून एकदाही घडलेलं नाही. मी लाल शाईने उभ्या रेघा मारल्या, काळ्या शाईने आडव्या. 'ऊन' आणि 'सावली' असं पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा सोयीचं म्हणून मी 'हजर' आणि 'गैरहजर' लिहायला सुरुवात केली. खुंटी क्रमांक चार, दुपारी दोन, हजर. वही उघडली की माझं मलाच समाधान वाटायचं.

अडचण एकच होती, आणि ती बसची होती. आमच्याकडून तिकडे जाणारी रविवारची पहिली बस साडेआठला सुटते आणि अकराला पोचते. मग चौऱ्याऐंशी पायऱ्या. मग दम. मग थर्मासमधला चहा. पहिली नोंद होईपर्यंत पावणेबारा वाजायचे. म्हणजे आठ, नऊ, दहा, अकरा हे चार रकाने रिकामे. आणि रिकामा रकाना मला बघवत नाही. हा माझा स्वभावदोष नाही, ही सेवेतली सवय आहे. ज्यांनी तपासणीच्या आदल्या दिवशी तीन महिन्यांची पत्रकं एका बैठकीत पूर्ण केलेली नाहीत, त्यांनी मला हसू नये.

शिवाय मी काही मनाला येईल ते लिहिलं नाही. मी शास्त्रीय विचार केला. सूर्य बाराला डोक्यावर. मग चार वाजता जे, तेच आठ वाजता. तीन वाजता जे, तेच नऊला. दहा-अकराचंही तसंच. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मांडीवर वही घेऊन मी चारचे हजर आठमध्ये आणि तीनचे हजर नऊमध्ये उतरवत असे. बस हलायची, तरी अक्षर बिघडू दिलं नाही. बायको शेजारी बसून खिडकीबाहेर बघायची. ती दिवसभर खाली आपल्या दगडावर डोक्यापुरती निळी छत्री उघडून, हात उन्हात ठेवून बसलेली असायची, फाटक्या कपड्यांना रफू करत. परत जाताना मी तिला विचारायचो, "कंटाळलीस का?" ती म्हणायची, "नाही. बोटं चालतात इथे."

हे वाक्य मी वर्षभर ऐकलं. सव्वीस वेळा तरी ऐकलं असेल.

वही पूर्ण झाली. आर्किटेक्ट बाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "इतकी नीट वही आजपर्यंत कोणी दिली नव्हती," त्या म्हणाल्या. माझी छाती फुगली. मग त्या म्हणाल्या, "पण सर, तो सुळका? थंडीत सकाळी तो आडवा येत असेल असं मला वाटलं होतं." मी चष्मा काढून पुसला. एखाद्या शिक्षकाने माझ्या वेळापत्रकात चूक दाखवली की मी असाच चष्मा पुसतो. "नोंदींमध्ये तसं दिसत नाही," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "हो, नोंदींमध्ये नाहीच दिसत." आणि त्यांनी पेन्सिल हातात घेतली.

घर सुंदर होतं. म्हणजे कागदावर. दोन खोल्या, जाड भिंती, उतारात पाठ टेकून बसलेलं. दक्षिण-पूर्वेला जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि काचेच्या आत काळ्या दगडाची एक लांब बैठक. सकाळचं ऊन काचेतून येणार, दगड तापणार, आणि तो दगड संध्याकाळपर्यंत घर ऊबदार ठेवणार. बायकोने ती बैठक बोटाने नकाशावर चाचपून बघितली. "इथे बसायचं?" तिने विचारलं. "आठ वाजल्यापासून," आर्किटेक्ट बाई म्हणाल्या. बायको माझ्या वहीकडे बघू लागली. मी ते आनंदाने गहिवरणं समजलो.

मग परवानगी. परवानगीच्या कार्यालयाबद्दल मी थोडक्यात सांगणार आहे, कारण सविस्तर सांगायची माझ्यात ताकद उरलेली नाही. तिथल्या फॉर्मला डोंगर माहीत नव्हता. 'घराच्या मागची मोकळी जागा' या रकान्यात आम्ही लिहिलं, मागे डोंगर आहे. कारकून म्हणाले, मोकळी जागा दाखवा. आम्ही म्हणालो, डोंगर खोदावा लागेल. ते म्हणाले, मग खोदण्याची परवानगी वेगळी. 'अग्निशमन गाडी घराला वळसा घालू शकते काय' या प्रश्नावर आर्किटेक्ट बाईंनी 'नाही' लिहिलं, तर अर्ज परत आला. दुसऱ्यांदा त्यांनी 'गाडीच्या इच्छेनुसार' लिहिलं, तो पुढे गेला. घर एका मजल्याचं होतं, पण खालच्या रस्त्यावरून उंची मोजल्यावर ते नऊ मजली निघालं. नऊ मजल्यांना लिफ्ट लागते. दोन खोल्यांच्या घराला लिफ्ट का नको, याचं तीन पानी निवेदन मी स्वतः लिहिलं आणि ते शाळेत निबंधाचा नमुना म्हणून ठेवण्याजोगं झालं होतं. माझे सहा शनिवार त्यात गेले.

शेवटी पाहणी अधिकारी प्रत्यक्ष जागा बघायला येणार असं ठरलं. मी बस पोचल्यापासून फायली घेऊन वर उभा. इस्त्रीचा शर्ट. थर्मास. बायको नेहमीसारखी एक्केचाळिसाव्या पायरीवर, छत्रीत. दुपारी दीड वाजता खाली गाडी थांबली. अधिकारी उतरले. त्यांनी मान वर केली. पायऱ्यांकडे बघितलं. पुन्हा मान वर केली. मी वरून हात हलवला. त्यांनीही हात हलवला, बॉनेटवर कागद ठेवून काहीतरी लिहिलं, गाडीत बसले आणि गेले. सगळं मिळून चार मिनिटं.

माझा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता. माणसाने न चढता जागा पाहिल्याचा शेरा मारावा? पुढचे दोन महिने मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. शिक्षकांच्या खोलीत सांगितली, बसच्या वाहकाला सांगितली, माहितीकेंद्रांना तर तीनदा सांगितली. "जिथे गेलो नाही तिथलं लिहायचं म्हणजे हद्द झाली," मी म्हणायचो. बायको स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. मला वाटलं ती काहीतरी विसरली असेल.

परवानगी मात्र आली. सात पानं, चौदा शिक्के. ती कोणी वाचत नाही, ती फ्रेम करतात. कंत्राटदाराने वर खणायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, घराच्या आधी संरक्षक भिंत लागेल, नाहीतर घर रस्त्यावर येईल. त्याने भिंतीचा आकार सांगितला. ती घरापेक्षा मोठी होती. मग तो म्हणाला, खडक लागलाय, आठवडा जाईल. मग म्हणाला, सिमेंटची पोती वर न्यायला माणसं मिळत नाहीत, पन्नासाव्या पायरीला जो तो पोतं ठेवून विचार करत बसतो. हे सगळं मी समजू शकत होतो. मीही तिथेच बसतो. पण खड्डा तयार झाला. ऐन थंडीत, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांमध्ये, कंत्राटदाराचा फोन आला की उद्या सकाळी सात वाजता पांढऱ्या फक्कीने भिंतींच्या रेषा आखणार आहे, मालकाने हजर राहावं.

शब्द त्याचाच. हजर राहावं.

मी आदल्या संध्याकाळी जाऊन रस्त्यावरच्या चहावाल्याकडे बाकावर झोपलो आणि सातला वर पोचलो. त्या जमिनीवर सकाळी सात वाजता मी आयुष्यात पहिल्यांदाच उभा होतो. कंत्राटदाराने फक्की मारली, इथे दार, इथे काच, इथे काकूंची बैठक. आठ वाजले. मी बैठकीच्या रेषेत जाऊन उभा राहिलो आणि उन्हाची वाट बघू लागलो.

नऊ वाजले. गवतावरचं दव तसंच होतं. समोरची दरी पिवळीधमक झाली होती, खालचा रस्ता उन्हात होता, रस्त्यावरचं कुत्रं उन्हात होतं. आम्ही सुळक्याच्या सावलीत होतो. दहा वाजले. कंत्राटदार हात चोळत म्हणाला, "थंडी फार आहे हो इथे." अकरा वाजले. माझी स्वतःची बोटं आता वाकत नव्हती. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सुळक्याच्या टोकावरून एक किरण आला आणि खुंटी क्रमांक चारवर पडला. बरोबर त्याच वेळेला, ज्या वेळेला वर्षभर मी चहा संपवून वही उघडत असे.

मी घरी आलो. बायकोने विचारलं, "ऊन कसं होतं?"

"चांगलं होतं," मी म्हणालो.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. खड्डा खणून झाला होता, संरक्षक भिंतीचा पाया भरला होता, काच मागवली होती. कोणालाच काही कळलं नसतं. घर झालं असतं, माहितीकेंद्र येऊन वाहवा करून गेले असते, आणि माझी बायको रोज सकाळी आठ वाजता त्या सुंदर काळ्या, थंडगार दगडावर बसून पावणेबारा वाजण्याची वाट बघत राहिली असती. तक्रार तिने केलीच नसती. हाच विचार मला सहन होईना. तिसऱ्या दिवशी मी वही घेतली आणि आर्किटेक्ट बाईंकडे निघालो. बायको म्हणाली, "मीही येते." नको म्हणायला मला कारण सुचलं नाही.

तिथे गेल्यावर मी वही टेबलावर ठेवली. सत्तावीस वर्षांत मी कित्येक मुलांना असं उभं केलेलं आहे. आता मला कळलं की ती पायांकडे का बघतात. "सकाळच्या नोंदी," मी म्हणालो, "सकाळच्या नाहीत. त्या मी परतीच्या बसमध्ये भरल्या. वर अकरा-चाळीसपर्यंत ऊन येत नाही."

 आर्किटेक्ट बाईंनी वही उघडली, आठचा रकाना बघितला, चारचा बघितला, आणि वही मिटली. त्यांचा चेहरा रागावलेला असता तर बरं झालं असतं. त्या थकलेल्या दिसत होत्या. "सर, मी विचारलं होतं तुम्हाला," त्या एवढंच म्हणाल्या.

"मला माहीत होतं," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"आठ वाजता आपण घरी डबा भरत असतो," ती म्हणाली. "आणि तुम्ही आठचं लिहायचात. मला दिसायचं की."

"मग बोलली का नाहीस?"

"इतक्या मन लावून लिहायचात. मला वाटलं, बाईंना सांगितलं असेल तुम्ही, त्या समजून घेत असतील." तिने पदर सावरला. "आणि तुम्हाला वरची जागा फार आवडली होती. मी आपली सकाळी खाली जाऊन माझ्या दगडावर बसले असते."

"तिथे तरी सकाळी ऊन येतं कशावरून?" मी विचारलं. आवाज जरा चढला असावा. "तूही अकरालाच पोचायचीस."

"तो दगड आपण पोचायचो तेव्हा तापलेला असायचा," बायको म्हणाली. "ऐन थंडीतसुद्धा. अकरा वाजता एवढा गरम, म्हणजे ऊन केव्हापासून असणार? वरचा दगड गार असायचा. तुम्ही चहा प्यायला बसायचात तो. तुमची पँट मागून ओली असायची."

आर्किटेक्ट बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पर्स घेतली. "काकू," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी सहा वाजता माझी गाडी तुमच्या दारात असेल." मला कोणी 'या' म्हणालं नाही, पण मी गेलो.

सकाळी सव्वाआठ वाजता एक्केचाळिसाव्या पायरीवर ऊन होतं. सुळक्याची सावली वरच्या अंगाला, आमच्या खड्ड्यावर निवांत पडली होती आणि इथे बायकोच्या मांडीवर पिवळं ऊन होतं. बाईंनी दगडावर तळहात ठेवला आणि हसल्या. मला वाटतं त्या क्षणी त्यांनी मला माफ केलं, निदान निम्मं.

पण घोडं पुन्हा कार्यालयात अडणार होतं. मंजूर झालेलं घर त्रेचाळीस पायऱ्या खाली आणायचं म्हणजे नवा नकाशा, नवा अर्ज, नवे शनिवार, अग्निशमन गाडीची इच्छा पुन्हा विचारायची. मी पाचावर धारण बसलेल्या अवस्थेत कारकुनांसमोर उभा राहिलो आणि जागा बदलायची आहे असं पुटपुटलो. त्यांनी फाइल काढली. पाहणी अहवालाचं पान उघडलं. बराच वेळ वाचलं. मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "बदलायची कशी? मंजुरी पाहणीत दाखवलेल्या जागेलाच आहे. हे बघा. 'पायवाटेच्या मध्यावर, निळे छप्पर दिसते त्या ठिकाणी.' तुम्ही वर खणलंय की काय?"

निळं छप्पर म्हणजे माझ्या बायकोची छत्री. अधिकाऱ्यांना खालून तेवढंच दिसलं होतं. वर मी इस्त्रीच्या शर्टात हात हलवत होतो, त्याची नोंद कुठेही नव्हती.

"वर खणलं असेल तर ते बेकायदेशीर आहे," कारकून म्हणाले. "पंधरा दिवसांत योग्य ती व्यवस्था करा." मी कधी कोणत्या कार्यालयातून इतका हलका होऊन बाहेर पडलो नव्हतो. त्या पाहणी अधिकाऱ्यांबद्दल मी त्या दिवसापासून कुठेही वाईट बोललेलो नाही. बोलायला तोंडच राहिलं नाही.

एक्केचाळिसाव्या पायरीपाशी दोन खोल्या मावत नाहीत. एक मावते, आणि दीड म्हणावी अशी एक पडवी. काळा दगड बाईंनी हलवू दिला नाही, त्याच्याभोवती खोली बांधली. तो काचेच्या आत बसलाय, जसा होता तसा. वरच्या खड्ड्याचं काय करायचं यावर कंत्राटदाराने डोकं खाजवलं आणि म्हणाला, पाण्याची टाकी करू, पाणी आपोआप उतरून घरात येईल. सुळक्याच्या पायथ्याशी एक झरा होता, त्याला नळी जोडली आणि खरंच पंप लागला नाही. बाईंनी टाकी आपल्या नकाशात अशी काढली की ती पहिल्यापासून ठरलेलीच होती असं वाटावं.  माहितीकेंद्र एकदा येऊन गेले. अठ्ठाविसाव्या पायरीवर बसून त्यांनी घर पाहिलं आणि सांगितलं की दगडाची कल्पना मुळात त्यांची. मी त्यांना तिथेच चहा नेऊन दिला.

या थंडीत सुट्टी लागल्यावर आम्ही पहिल्यांदा तिथे राहायला गेलो. सकाळी मी आधी उठलो, स्टोव्हवर आधण ठेवलं, आणि सवयीने साखरेची, चहाची, पिठाची, मिठाची झाकणं सैल केली. साडेआठ झाले होते. बायको दगडावर बसली होती, पायाशी ऊन, मांडीवर माझाच एक कोट, हातात सुई. सुईत दोरा ओवत होती. एकदा चुकला, दुसऱ्यांदा गेला.

मी चहा गाळला, गडबडीत साखर वरून घातली, आणि कप घेऊन तिच्याजवळ बसलो. मला फार थकायला झालं होतं. दोन-तीन वर्षांचं थकणं एकदम येऊन बसावं तसं. दगड गरम होता.

तिने घोट घेतला, कपात बघितलं, आणि बोटाने एक मुंगी बाहेर काढली.

"अहो," ती म्हणाली, "बरण्यांची झाकणं घट्ट लावत जा आता."